गाण्याला वेगळा खिसा

फोनवर मारवा लावला की साधारण पाचव्या मिनिटाला एक बाई कर्ज द्यायला येते. तिचा दोष नाही. मारव्याचा स्वभावच तसा. त्यात षड्ज सहजासहजी भेटत नाही, गवई तो टाळत टाळत पुढे जातो आणि ऐकणारा तिन्हीसांजेला अधांतरी लोंबकळत राहतो. अशा निराधार अवस्थेत ‘सर, आपल्यासाठी प्री-अप्रूव्हड लोन आहे’ असं कोणी म्हणालं, तर माणूस क्षणभर विचारात पडतोच. तिला नको म्हणेपर्यंत कुरियरवाला खाली उभा राहून ओटीपी मागतो. तो सांगावा तर सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी सूचना, तिच्याखाली रांगेने जोडलेले हात, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा ‘म्हणजे कधी?’ एवढं उरकून परत मारव्याकडे यावं तर ॲप आठवण करून देतं की तुम्ही फुकटे आहात, आधी ही गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ऐका. ती ऐकल्यावर गुडघा खरंच दुखतोय असं वाटायला लागतं आणि मारवा राहतो बाजूला.

आमच्या मेहुण्यांनी यावर उपाय काढला. त्यांनी गाण्याला वेगळा खिसा दिला.

हिंजवडीला जाताना त्यांच्या उजव्या खिशात फोन असतो आणि डाव्या खिशात प्लेअर. प्लेअर म्हणायचं ते आपल्यासारख्यांनी. ते त्याला ‘सोर्स’ म्हणतात. ‘दाजी, सोर्स चांगला नसेल तर पुढे कितीही पैसे ओता, काही उपयोग नाही,’ हे वाक्य त्यांनी साखरपुड्यापासून बारशापर्यंत आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात म्हटलेलं आहे. यंत्र दिसायला देखणं आहे, याबद्दल वाद नाही. बाजूला आवाजाचं एक चाक आहे, ते फिरवलं की बारीक टिक् टिक् असा स्पर्श बोटाला होतो. मेहुणे मीटिंगमध्ये बसल्या बसल्या, काहीही चालू नसताना, खिशात हात घालून ते फिरवत असतात. खालच्या अंगाला दोन भोकं आहेत. एक नेहमीचं साडेतीन मिलिमीटरचं, दुसरं ४.४ मिलिमीटरचं. ते ‘बॅलन्स्ड’.

या दोन भोकांचा मेहुण्यांना जो अभिमान आहे त्यामागे इतिहास आहे. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक बुजवलं आणि व्यासपीठावर त्याचं कारण सांगितलं ते म्हणजे धैर्य. दुसऱ्याच्या हेडफोनवर दाखवलेलं धैर्य. ज्यांनी तेव्हा जाहिराती काढून थट्टा केली त्यांनीही पुढे आपापल्या महागड्या फोनांची भोकं गुपचूप बुजवली. गंमत अशी की २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा हे तीन यंत्रांचं एक यंत्र आहे असं सांगून यादीत सर्वांत आधी आयपॉडचंच नाव घेतलं होतं. फोन दुसऱ्या क्रमांकावर होता. म्हणजे गाण्याच्या घरात फोन भाड्याने राहायला आला, आणि पंधरा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, मूळ मालकाने म्हणजे आयपॉडने जागा रिकामी करून दिली. पुण्यात भाडेकरू ठेवलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

त्याआधीचा वॉकमन आमच्या पिढीने पाहिला. जपानमध्ये तो १ जुलै १९७९ ला बाजारात आला. सोनीच्या मासारू इबुकांना लांबच्या विमानप्रवासात गाणं ऐकायचं होतं, त्यातून तो निघाला. आकिओ मोरिता नमुना घरी घेऊन गेले आणि कानाला लावून बसले, तर बायको वैतागली. समोर नवरा आहे, पण तो इथे नाही. मग मोरितांनी हुकूम सोडला की याला दोन जणांना ऐकता येईल अशी सोय करा. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन जॅक होते, शिवाय गाणं थोडं दबवून एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटणही. लोकांनी दुसरा जॅक फारसा वापरलाच नाही. पुढच्या मॉडेलांतून तो गेला, बटणही गेलं. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते मोरितांच्या पत्नीला मोरितांच्या आधी कळलं होतं.

आपल्याकडे वॉकमन यायचा तो कोणाच्या तरी आखातातल्या मामाकडून. बाकीच्यांचा कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला वॉकमनच म्हणायचं. त्याचं एक वैशिष्ट्य आजच्या कुठल्याच यंत्रात उरलेलं नाही. सेल उतरायला लागले की लताबाईंचा आवाज हळूहळू खाली येत हेमंतकुमारांपर्यंत पोचायचा. आणखी ताणलं तर हेमंतकुमारही झोपेत बोलायला लागायचे. आज बॅटरी एक टक्क्यावर असली तरी गाणं पूर्ण तारुण्यात असतं आणि तसंच एकाएकी जातं.

मेहुण्यांच्या मते खरा प्रश्न आवाजाच्या दर्जाचा आहे. हा विषय निघाला की ते आकड्यांत शिरतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, प्रत्येक माप १६ बिटांचं. दोन्ही कान धरून हा हिशेब सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतो. आपण एके काळी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डावर भरून आणायचो त्या एमपीथ्री बऱ्याचदा १२८ च्या असत. म्हणजे मुळाच्या अकराव्या हिश्शात गाणं बसवलेलं. कानाला जे ऐकू येणार नाही असं गणिताला वाटतं ते काढून टाकायचं, ही त्यातली युक्ती. इथवर मेहुण्यांचं म्हणणं मला पटतं. १२८ च्या एमपीथ्रीत झांज वाजली की पत्रा हलल्यासारखं व्हायचं, हे मलाही आठवतं.

पण मेहुणे १,४११ वर थांबत नाहीत. त्यांच्या प्लेअरमध्ये फाइल असते २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. अशा फाइलमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी मावतात. माणसाला भर तारुण्यात २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि वय वाढतं तसं त्याचंही वरचं टोक झडत जातं. सीडीचं माप साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत पुरतं, म्हणजे माणसाची सोय १९८२ सालीच झाली होती. वरचं सगळं वटवाघळांसाठी. शिवाय २४ बिटांत शांततेपासून गोंगाटापर्यंत १४४ डेसिबलची ऐसपैस जागा मिळते, आणि ती जागा मेहुणे वापरतात कुठे, तर कंपनीच्या बसच्या मागच्या सीटवर, खाली इंजिन धडधडत असताना.

त्यातून त्यांना आवडतात जुन्या खाजगी मैफिली. कोणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी गवयासमोर स्पूलचं यंत्र ठेवून, एका माइकवर, सतरंजीवरच्या माणसांसकट जे टिपलं ते आता कोणीतरी २४ बिटांत उतरवलेलं. गवयाचा आवाज तेव्हाच्या माइकने जेवढा घेतला तेवढाच आहे. खोकले मात्र अप्रतिम आहेत. मेहुणे डोळे मिटून, तर्जनी उचलून सांगतात, ‘हा बघा दाजी, डावीकडे, मागच्या बाजूला कोणीतरी पानाचा डबा उघडला.’ मी म्हटलं, गाणं कसं आहे? तर म्हणाले, ‘गाणं फोनवरही ऐकू येतं हो.’

आमच्या मुलीने एकदा त्यांची परीक्षा घेतली. तेच गाणं, तीच फाइल, तेच इअरफोन. एकदा प्लेअरला जोडलेले, एकदा फोनला एका छोट्या डोंगलने.

‘मामा, डोळे मिट. हा ए... आणि हा बी.’

मेहुण्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. ‘ए. ए मध्ये तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते. बी सपाट आहे.’

ए म्हणजे फोन होता.

घरात जी शांतता पसरली तिला १४४ डेसिबल अपुरे पडले असते. पण मेहुणे इंजिनियर आहेत. त्यांनी विचारलं, ‘व्हॉल्यूम मॅच केला होतास का?’ तिने केला नव्हता. फोन जरासा मोठा होता. आणि इथे मेहुण्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. दोन आवाजांत एक किंचित मोठा असला तर कान त्याला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. म्हणून अशी तुलना गंभीरपणे करणारे लोक मीटर लावून दोन्ही आवाज डेसिबलच्या दशांशापर्यंत जुळवतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात महागडा स्पीकर नेहमी थोडा मोठ्याने लावलेला असतो, तो विक्रेत्याला ऐकू कमी येतं म्हणून नाही. मग मुलीने आवाज जुळवून परत घेतलं. मेहुणे बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी संशयाने म्हणाले, ‘दोन्ही वेळा एकच वाजवतेस ना?’

ती एकच वाजवत नव्हती.

तेव्हा माझं मत असं आहे. रोजच्या ऐकण्यासाठी, म्हणजे बसमध्ये, चालताना, पोळ्या होत असताना, फोन आणि तारेचे बरे इअरफोन यांना नावं ठेवायला जागा नाही. फरक पडतो तो कानात काय घातलंय याने. लोक सोर्सवर पंचवीस हजार घालतात आणि इअरफोन मात्र सेलमध्ये घेतात. किंवा लॉसलेसचं वर्गणीदार होतात आणि ऐकतात ब्लूटूथवर. त्यातला एलडॅक हा नावाजलेला प्रकारही सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतो, त्यामुळे सीडीचे १,४११ त्याला जसेच्या तसे पेलत नाहीत. पैसे अख्ख्या गाण्याचे भरायचे आणि घरापर्यंत पोचल्यावर शेवटच्या तीन फुटांत त्याची घडी घालायची. नवे इअरफोन शंभर तास वाजवल्याशिवाय ‘खुलत’ नाहीत, हा आणखी एक समज. खुलतात ते आपले कान, त्यांना सवय होते एवढंच. मेहुण्यांनी नवे इअरफोन कपाटात ठेवून त्यांच्यावर रात्रंदिवस नुसता खर्र आवाज सोडून ठेवला होता. कामाला येणाऱ्या मावशींनी गॅस गळतोय म्हणून रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि शेजारच्यांना बाहेर बोलावलं.

यंत्रापेक्षा मेहुण्यांचा वेळ जातो तो नावं लिहिण्यात. फोनवरच्या ॲपमध्ये गाणी दुसऱ्या कोणाची तरी असतात, तिथे आपल्याला काही करायचं नसतं. प्लेअरमध्ये गाणी आपली, म्हणून त्यांच्या टॅगची जबाबदारीही आपली. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि ‘अननोन आर्टिस्ट’ हे यंत्राच्या लेखी चार वेगळे गवई. त्यातून टॅगच्या जुन्या पद्धतीत संगीतप्रकारांना क्रमांक दिलेले आहेत आणि शून्य क्रमांक आहे ब्लूजचा. ज्याने काहीच भरलं नाही त्याच्या फाइलवर बऱ्याचदा शून्य राहतो. त्यामुळे मेहुण्यांच्या संग्रहात किशोरीताईंचा भूप कित्येक महिने ब्लूजमध्ये होता. दर रविवारी सकाळी ते लॅपटॉप घेऊन बसतात आणि राग, ताल, घराणं, साल असं भरत जातात. संपूर्ण शांततेत. गाणं लावलं तर लक्ष विचलित होतं म्हणतात.

या बाबतीत गौहर जान फार दूरदर्शी. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने त्यांचं गाणं मुद्रित केलं. तीनेक मिनिटांत गाणं आटोपून शेवटी त्या इंग्रजीत खणखणीतपणे आपलं नाव सांगत, कारण तबकड्या तयार होणार जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिराला ही बाई कोण हे कळायला हवं. हिंदुस्थानी संगीतातल्या पहिल्या टॅगांपैकी हा एक. बिनचूक टॅगांपैकी बहुधा शेवटचा.

फोनची बाजूही साफ नाही, हे मान्य करतो. ॲपला वाटतं त्याने मला ओळखलंय. घरात गणपती बसले तेव्हा पाहुण्यांनी माझ्या फोनवरून आरत्या लावल्या. तेव्हापासून ते मला रोज पहाटे अध्यात्माकडे नेतं. एकदा भाचीच्या मुलाला भरवताना मांजरीचं गाणं लावावं लागलं. डिसेंबरात ॲपने वर्षभराचा हिशेब रंगीत अक्षरांत पुढे ठेवला, त्यात मी ते मांजर ऐकणाऱ्यांच्या अगदी वरच्या फळीत होतो. मेहुण्यांच्या प्लेअरला असली मतं नसतात. तो बिचारा सांगितलं ते वाजवतो.

आणि तिसरा एक पक्ष आहे, त्याला प्लेअर लागत नाही, डोंगल लागत नाही, इअरफोन तर अजिबात लागत नाही. तो फोन तळहातावर आडवा धरतो आणि सगळ्या डब्याला ऐकवतो. मुंबईच्या बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय मोठ्याने काही वाजवायला मनाई केली. बसमध्ये ती सूचना वाचून दाखवणारा व्हिडिओ मी एका सहप्रवाशाच्या फोनवर ऐकला, पूर्ण आवाजात.

मग मेहुण्यांनी खरं विकत काय घेतलं? मला वाटतं, त्यांनी फोन न येण्याची सोय विकत घेतली. मोरितांच्या घरी जी तक्रार झाली होती तीच या यंत्राची थोरवी. त्याला सिम नाही, त्यावर बॉस नाही, कर्जवाली बाई नाही. कानात तार असलेला माणूस बसमध्ये दिसला की शेजारचा ‘तुम्ही कुठले?’ विचारत नाही, निदान वाकडपर्यंत तरी. आपल्याकडे घरात कोणी नुसतं एकटं बसलं तर लगेच ‘बरं नाही का?’ म्हणून कपाळाला हात लावतात. तिथे एकांताला काहीतरी बिल असलेलं बरं.

पण ही सोयही फार दिवस टिकत नाही, कारण हल्लीच्या चांगल्या प्लेअरांत अँड्रॉइड असतं. वॉकमनचे आजचे वारसही त्यावरच चालतात. त्यांच्यातला एक तर शुद्ध तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेला, वर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. वजन जवळपास अर्धा किलो. आमच्या आजोळचा पाणी प्यायचा तांब्या याहून हलका होता. मेहुणे त्याचे फोटो बघत असतात, त्यांची बहीण म्हणजे माझी बायको जवळ नसताना. तर अँड्रॉइड आलं म्हणजे वायफाय आलं, वायफाय आलं म्हणजे ॲप टाकावंसं वाटतं. आधी एक गाण्याचं टाकलं, कारण फाइल कोण शोधत बसणार. मग त्याचा पासवर्ड मेलवर येतो म्हणून मेल. मग एका गायकाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल ग्रुपवर चर्चा चालते म्हणून व्हॉट्सॲप. आता सोसायटीतलं पाणी जाणार असलं की मेहुण्यांच्या दोन्ही खिशांतून वाजतं, आणि डाव्या खिशातलं जास्त स्वच्छ वाजतं.

या सगळ्यात आमच्या सासूबाई कुठल्याच पक्षात नाहीत. त्यांच्याकडे कारवाँ आहे. २०१७ साली सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीवाल्यांनी, पाच हजार गाणी आधीच भरून रेडिओच्या आकाराचा हा डबा काढला. सगळे ॲपवर जात असताना त्यांनी बटणं आणली, आणि तो खपला. माझ्या मते रोजच्या ऐकण्यासाठी बनवलेलं हे आपल्याकडचं सर्वांत हुशार वेगळं यंत्र. शोध नाही, यादी नाही, पासवर्ड नाही. चाक फिरवलं की गाणं, नको असेल तर पुढचं. सासूबाई तो सकाळी देवघरात, मग ओट्यावर, दुपारी गॅलरीत घेऊन फिरतात. आवडतं गाणं कधी लागेल हे त्यांना ठाऊक नसतं आणि लागलं की त्या हातातलं काम थांबवून ‘अगंबाई!’ म्हणतात. पाच हजार गाणी त्यांची स्वतःची असूनही.

गेल्या महिन्यात मेहुण्यांचा प्लेअर घरातच हरवला. फोन हरवला की आपण काय करतो? दुसऱ्या फोनवरून रिंग देतो. मेहुण्यांनी सवयीने हात पुढे केला, ‘दाजी, जरा एक रिंग द्या,’ आणि मग दोघेही गप्प उभे राहिलो. ज्याला कोणी फोन करू शकत नाही असं यंत्र त्यांनी मुद्दाम पैसे मोजून घेतलं होतं. गाद्या उचलून झाल्या, लॅपटॉपची बॅग तीनदा उलटी झाली, पिंपातल्या तांदळातसुद्धा हात घालून झाला. शेवटी सासूबाईंनी कारवाँचा आवाज थोडा कमी केला.

‘काय शोधतोयस रे?’

‘प्लेअर, आई.’

‘बंद करून ठेवला होतास?’

‘नाही गं, चालूच होता. गाणं चालू होतं त्याच्यात.’

‘गाणं चालू आहे,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि सापडत नाहीये?’